पार्टीची गरज बाजारात जाऊ देऊ नका: घरांच्या व्यवहारात ग्राहकाची गोपनीयता सांभाळण्याची पद्धत

घर विकायला काढलेला माणूस एजंटला जे सांगतो ते अनेकदा त्याच्या सख्ख्या भावालाही माहीत नसतं. हप्ते थकलेत, मुलगा कॅनडात स्थायिक झालाय, नवरा-बायको वेगळे होतायत, आईच्या उपचारांना पैसे हवेत. दोन-तीन भेटींत हे सगळं आपल्या कानावर येतं. त्यात आधार, पॅन, बँकेचे कागद आणि घराची चावीही आपल्याच हातात असते. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ते उत्तमच झालं. पण दुसऱ्या एजंटशी फोनवर बोलताना कुठे थांबायचं, हे कामातच शिकावं लागतं.

पुण्यात रीसेल आणि भाड्याची कामं करताना जी पद्धत बसत गेली, ती इथे क्रमाने मांडते आहे. या धंद्यात माहिती फुटते ती बहुतेक वेळा आपल्याच बोलण्यातून, व्हॉट्सअॅप ग्रुपवरून, वॉचमनशी मारलेल्या गप्पांतून आणि झेरॉक्सच्या दुकानातून. आणि फुटलेल्या माहितीत ग्राहकाला सगळ्यात महाग पडते ती त्याची गरज. आधार क्रमांक बाहेर गेला तर नुकसान कदाचित होईल. ‘पार्टी अडलीय’, म्हणजे ग्राहकाला पैशाची निकड आहे, ही बातमी बाहेर गेली तर नुकसान हमखास होतं, आणि ते लाखांत असतं.

पहिली भेट: आधी हे विचारून घ्या

क्षेत्रफळ, मजला, पार्किंग, अपेक्षा हे आपण सगळेच विचारतो. त्याच बैठकीत आणखी चार गोष्टी विचारा आणि लिहून ठेवा. घर विकायचंय हे घरात कोणाकोणाला माहीत आहे? सोसायटीत कोणाला माहीत आहे? कोणाला अजिबात कळता कामा नये? आणि कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी फोन करायचा?

तिसरा प्रश्न विचारला की बरेच लोक क्षणभर गप्प होतात आणि मग खरं बोलायला लागतात. ‘सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.’ ‘समोरच्या फ्लॅटवाल्यांना कळलं तर ते सगळ्या विंगला सांगतील.’ ‘माझ्या पार्टनरला वाटेल मी धंदा गुंडाळतोय.’ हे उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर राहू द्या, म्हणजे ऑफिसमधला दुसरा कोणी फोन करणार असेल तरी त्याच्या नजरेसमोर येईल.

आपला फोन गेला की समोरच्या स्क्रीनवर बऱ्याचदा ‘अमुक प्रॉपर्टीज’ किंवा सरळ ‘ब्रोकर’ असं नाव झळकतं. ग्राहकाचा फोन घरातल्या दुसऱ्या कोणी उचलला तर तेवढ्याने बातमी फुटते. म्हणून नाजूक प्रकरणात मी आधी साधा मेसेज टाकते: ‘नमस्कार, सवड झाली की फोन करा.’ त्यात फ्लॅट, पार्टी, भाव असला एकही शब्द नसतो. दुसऱ्याच कोणी फोन उचलला, तर ‘मी नंतर करते’ एवढंच म्हणायचं. ‘कोण बोलतंय?’ विचारलं तर आपलं नाव सांगायचं, काम सांगायचं नाही. ऑफिसातल्या नव्या मुलाला हे दोनदा करून दाखवा. तो भाबडेपणाने ‘काकू, तुमच्या फ्लॅटसाठी ऑफर आलीय’ म्हणून मोकळा होतो.

फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल, तर दोघांशी स्वतंत्रपणे एकदा बोला. सहमालकापासून विक्री लपवणं ही गोपनीयता होत नाही. तिथे आपण एका मालकाच्या बाजूने दुसऱ्याला फसवायला मदत करत असतो. असं काम हातात घेऊच नये.

विकण्याचं कारण: इथे सगळ्यात जास्त जपा

दुसऱ्या एजंटचा फोन येतो. संभाषण ठरलेलं असतं.

‘ताई, तो कोथरूडचा टू बीएचके, का काढलाय हो?’

‘कारण त्यांचं घरगुती आहे. कागद स्वच्छ आहेत, अपेक्षा तुम्हाला माहीत आहे.’

‘तसं नाही, अर्जंट आहे का? माझी पार्टी पैशाने तयार आहे, लगेच चेक देईल. किती खाली येतील?’

‘पार्टीला फ्लॅट दाखवा, आवडला तर लेखी ऑफर द्या. मी ती मालकांपुढे ठेवते.’

एवढंच. ‘हो, जरा घाई आहे’ हे चार शब्द तुमच्या तोंडून गेले, की तासाभरात ते पाच एजंटांच्या ग्रुपवर ‘डिस्ट्रेस सेल’, म्हणजे अडचणीतली विक्री, या नावाने फिरतात. त्यानंतर येणारी प्रत्येक ऑफर दहा-पंधरा लाखांनी खाली असते. मालक तुम्हाला विचारतो, ‘बाजार पडलाय का?’ बाजार पडलेला नसतो. त्याची गरज बाजारात गेलेली असते.

कारण लपवण्यासाठी खोटं रचायची मात्र काहीच गरज नाही. ‘मोठ्या घरात जातायत’ असं ठोकून दिलं आणि पुढे कर्जाचे कागद निघाले, तर खरेदीदार आपलं कुठलंच बोलणं खरं मानत नाही. ‘कारण घरगुती आहे’ हे उत्तर पुरेसं आणि खरं असतं.

इथे एक सीमा पक्की डोक्यात हवी. माणसाबद्दलची माहिती जपायची, मालमत्तेबद्दलची लपवायची नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधल्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला साध्या पाहणीत कळणार नाही असा मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत असेल, तर त्याने तो सांगितलाच पाहिजे. प्रत्यक्षात ते असं वेगळं करता येतं. फ्लॅटवर बँकेचं कर्ज आहे, हे सांगायचं. किती हप्ते थकले आणि बँकेतून वसुलीचे फोन कसे येतात, हे सांगायचं नाही. बोजा उतरवायला लागणारा नेमका आकडा टोकनच्या वेळी बँकेच्या पत्रात येईलच. घटस्फोट चालू आहे, हे सांगायचं नाही. त्या प्रकरणात कोर्टाने फ्लॅट विकायला मनाई केली असेल, तर ते सांगावंच लागतं, किंबहुना तिथे व्यवहारच थांबतो. बाथरूममधून खालच्या मजल्यावर पाणी गळतंय, पार्किंगवरून सोसायटीशी वाद आहे, वारसांपैकी एका बहिणीची सही बाकी आहे, हे सगळं सांगण्याचं. आजोबा कशाने आजारी आहेत, ते कोणालाही सांगण्याचं नाही.

मालकाचा ‘शेवटचा आकडा’ हीसुद्धा अशीच जपायची गोष्ट. पहिल्या भेटीत मालक सांगायला लागले की मी त्यांना थांबवते. ऑफर आल्याशिवाय मला तो कळायची गरज नसते, आणि मला माहीतच नसेल तर माझ्या आवाजातूनही तो कळत नाही. आपल्याकडे एकच एजंट दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो, ही सर्रास चालणारी पद्धत आहे. तसं असेल तर दोघांनाही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: ‘मी दोन्हीकडून घेणार आहे. तुमचा शेवटचा आकडा त्यांना सांगणार नाही, त्यांचा तुम्हाला सांगणार नाही.’ आणि मग तसंच वागा. खरेदीदाराला कर्ज किती मंजूर झालंय, जुनं घर विकून त्याच्याकडे किती येणार आहेत, हे विक्रेत्याच्या कानावर गेलं की भाव तिथेच चिकटतो. गरज फक्त विकणाऱ्यालाच असते असं थोडंच आहे? शाळा सुरू व्हायच्या आत घर हवंय, ही खरेदीदाराची गरज. तीही तितकीच जपायची.

कागद: कोणता, केव्हा, कोणाकडे

नियम एकच ठेवा: ज्या पायरीला जो कागद लागतो, तो त्याच पायरीला मागायचा. फ्लॅट यादीत घेताना मालकी पटवायला इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बघितलं की झालं. त्या दिवशी आधार-पॅनच्या झेरॉक्स घेऊन ठेवण्याचं काही कारण नाही. पॅन खरोखर लागतो तो विसार आणि साठेखताच्या सुमारास. पन्नास लाख आणि त्यावरच्या व्यवहारात खरेदीदाराला एक टक्का टीडीएस (रक्कम देतानाच कापायचा कर) कापून विक्रेत्याच्या पॅनवर भरावा लागतो, म्हणून. विक्रेता अनिवासी असेल तर टीडीएसचं गणित वेगळं असतं. तिथे सीएला गाठा.

मालकी हक्काच्या कागदांचा पूर्ण संच खरेदीदाराच्या वकिलाला द्या, खरेदीदाराच्या मेव्हण्याला किंवा मधल्या एजंटला नको. प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा: ‘फक्त अमुक सोसायटीतल्या फ्लॅटच्या व्यवहारासाठी’, खाली तारीख आणि सही. अक्षरं मजकुरावरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलेलं सहज कापून टाकता येतं. ओळख पटवण्यापुरतं आधार हवं असेल तर मास्क केलेलं मागा. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते उतरवता येतं आणि त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. बहुतेक ग्राहकांना अशी सोय आहे हेच माहीत नसतं. पाच मिनिटं बसून त्यांच्याच फोनवर काढून द्या, त्यांना आयुष्यभर उपयोगी पडेल.

ऑनलाइन भाडेकरार नोंदवताना मात्र पूर्ण आधार क्रमांक आणि अंगठा लागतो. तो क्रमांक आधी व्हॉट्सअॅपवर मागवू नका. मशीन घेऊन माणूस घरी येतो, त्या वेळी समोर बसून टाकता येतो. ज्येष्ठ नागरिकांच्या घरी मी स्वतः हजर राहते. अंगठा किती वेळा घेतला आणि कशासाठी, हे त्यांच्याकडून कोणी तरी बघणारं असावं. ग्राहकाने आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं असेल, म्हणजे बोटांचे ठसे कोणाला वापरता येऊ नयेत अशी सोय केली असेल, तर त्या दिवशी आधी उघडायला आणि काम झाल्यावर परत लॉक करायला आठवण करा. लॉक ठेवलेलं नसेल, तर ते कसं करायचं हे याच वेळी दाखवा.

आता झेरॉक्सचं दुकान. आपण सगळे तिथल्या व्हॉट्सअॅप नंबरवर पीडीएफ पाठवतो आणि दोन रुपयांत प्रिंट घेतो. त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर डाउनलोडचं फोल्डर कधी बघितलंय? अख्ख्या पेठेची आधार कार्डं, पॅन कार्डं, मृत्युपत्रं तिथे पडलेली असतात, आणि काउंटरवर उभा असलेला कोणीही वाकून वाचू शकतो. एक साधा प्रिंटर काही हजारांत येतो. ऑफिसात तो घेणं हा गोपनीयतेवरचा सगळ्यात फायद्याचा खर्च आहे. बाहेरच प्रिंट काढावी लागली तर पेन ड्राइव्हवरून काढा आणि समोर उभं राहून फाइल पुसून घ्या.

फोनमध्येही हेच. व्हॉट्सअॅपवर आलेले कागदांचे फोटो आपोआप गॅलरीत उतरतात आणि तिथून क्लाउडवर चढतात. घरच्यांना लग्नाचे फोटो दाखवताना मध्येच कोणाचं तरी चेकबुक दिसतं. कामाचा फोन वेगळा ठेवा, आपोआप उतरवणं बंद करा, आणि कागद ज्या दिवशी आले त्याच दिवशी ठरलेल्या फोल्डरमध्ये हलवून चॅटमधून काढून टाका.

फोटो आणि जाहिरात

फोटो काढायच्या आधी घर पाहुणा म्हणून बघू नका, अनोळखी माणूस म्हणून बघा. फ्रिजवर मुलीच्या शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं, शाळेच्या नावासकट. टीपॉयवर औषधांच्या पट्ट्या आणि हॉस्पिटलची फाइल. दारावरची पाटी. देवघराशेजारी कुटुंबाचा मोठा फोटो. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेनाने लिहिलेलं असतं: ‘१२ ते २० गावी’. हा फोटो पोर्टलवर गेला की घर आठ दिवस बंद राहणार हे कोणालाही घरबसल्या कळलं. कपाटाची तिजोरी, खिडकीची तुटलेली जाळी, दाराचं लॅच जवळून दाखवणारे फोटोही काढू नयेत.

हे सगळं हलवायला अर्धा तास लागतो. मालकांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर त्यांनाही बरं वाटतं. फोटो जाहिरातीत टाकण्याआधी एकदा त्यांना दाखवा आणि ‘हे चालतील’ असं लेखी उत्तर घ्या. फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद ठेवा.

जाहिरातीत परिसर, क्षेत्रफळ, मजल्याचा अंदाज पुरे. फ्लॅट नंबर कधीच नको. सोसायटीचं नाव मालकांनी हो म्हटलं तरच. लहान, बारा-पंधरा फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये ‘दुसरा मजला, पूर्वेकडे बाल्कनी’ एवढ्यावरूनही घर ओळखू येतं, तिथे तपशील आणखी कमी करा.

एजंटांच्या ग्रुपवर मालकाचं नाव, नंबर किंवा ‘चावी वॉचमनकडे’ असं टाकणं म्हणजे घर उघड्यावर टाकणं. ग्रुपमध्ये अडीचशे माणसं असतात, त्यातली निम्मी तुम्ही कधी पाहिलेलीही नसतात. ग्रुपवर फक्त गरजेपुरता मजकूर टाका, पुढचं एकेकाशी फोनवर. आणि व्यवहार झाला की त्याच दिवशी सगळ्या पोर्टलवरून जाहिरात उतरवा. नव्या मालकाच्या बेडरूमचे फोटो दोन-दोन वर्षं इंटरनेटवर फिरत राहतात, आणि ते उतरवायची जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

घर दाखवताना

येणाऱ्याचं नाव, नंबर आणि किती जण येणार, हे आधी घ्या. हे दोन्ही बाजूंच्या भल्याचं आहे. मौल्यवान वस्तू, कागद, औषधं कपाटात बंद करायला मालकांना सांगा. फ्लॅटमध्ये व्हिडिओ काढू द्यायचा की नाही ते मालकांना विचारून ठरवा, आणि नको असेल तर दारातच नम्रपणे सांगा.

गेटवर काय लिहायचं? बऱ्याच सोसायट्यांत रजिस्टरमध्ये किंवा गेटवरच्या अॅपमध्ये भेटीचं कारण विचारतात. ‘फ्लॅट बघायला’ असं लिहिलं की संध्याकाळपर्यंत कमिटीला कळतं. ‘अमुक यांच्याकडे भेट’ हे खरं असतं आणि पुरेसं असतं. लिफ्टमध्ये भाव, कर्ज, मालकांचं नाव, कशावरच बोलायचं नाही. खाली उतरल्यावर शेजारच्या काकू हमखास विचारतात, ‘कोणाचा काढलाय? किती म्हणतायत?’ त्यांच्या मनात वाईट काही नसतं. ‘काकू, ते मला सांगता येणार नाही. तुमच्या ओळखीत कोणाला घर हवं असेल तर माझा नंबर ठेवा’ असं हसून म्हटलं की त्या दुखावत नाहीत, आणि पुढे स्वतःचं घर विकायचं झालं तर तुम्हालाच बोलावतात.

चावीला सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर लिहिलेली चिठ्ठी अडकवलेली असते, ती काढून टाका. चावीवर फक्त एक आकडा, आणि आकड्यापुढचा पत्ता ऑफिसच्या वहीत. चावी कोणी नेली, किती वाजता, कधी परत आली, सही. वही कंटाळवाणी वाटते. पण घरातून काही हरवल्याचा आरोप आला, तर तीच वही आपल्या बाजूने बोलते.

फ्लॅटमध्ये भाडेकरू राहत असेल, तर घर मालकाचं असलं तरी संसार त्याचा आहे. एक दिवस आधी विचारायचं, त्याची वेळ सांभाळायची, त्याच्या सामानासकट फोटो काढायचे नाहीत.

भाडेकरू, विशेषतः एकट्या राहणाऱ्या मुली

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार (आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो) लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. शिवाय भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. म्हणजे ओळखपत्र, फोटो, कायमचा पत्ता, नोकरीचं ठिकाण हे मागण्याला आधार आहे. पण या दोन गोष्टींच्या आडोशाने आपल्याकडे वाटेल ते मागितलं जातं. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट कशाला? घरमालकाला भाडं मिळेल याची खात्री हवी असते, त्याला नोकरीचं पत्र पुरतं. पगाराची पावती दाखवायचीच असेल तर कर्जाचे हप्ते, बँक खात्याचा नंबर झाकून दाखवता येते. जात, धर्म, खाणं, लग्न कधी करणार, रात्री किती वाजता येता, हे प्रश्न मालकाच्या वतीने आपण विचारतो तेव्हा आपण निरोप्या उरत नाही, आपणच ते विचारत असतो. मी ते विचारत नाही आणि मालकांना कारण सांगते.

सोसायटी कराराची प्रत मागते, ती द्यावी. देताना दोन्ही पक्षांचे पॅन-आधार झाकावेत. सोसायटीच्या ऑफिसातली कपाटं अनेकदा उघडीच असतात.

नोकरीसाठी पहिल्यांदाच पुण्यात आलेल्या मुलीचा नंबर, ती एकटी राहणार आहे ही माहिती, पत्ता आणि राहायला यायची तारीख. हे चारही तपशील एकाच मेसेजमध्ये टेम्पोवाला, इंटरनेटवाला, गॅसवाला आणि आणखी दोन एजंटांना गेलेले मी पाहिले आहेत. कोणाचाच हेतू वाईट नव्हता. पण त्यातल्या एकाचा जरी असता, तर? टेम्पोवाल्याला पत्ता आणि वेळ लागते, नाव नाही. इंटरनेटवाल्याचा नंबर त्या मुलीला द्या, तिचा नंबर त्याला देऊ नका. जिला गरज आहे तिने फोन करायचा, हा क्रम एवढा उलटा केला तरी अर्धं काम होतं. तिच्या आईवडिलांचा नंबर फक्त अडीअडचणीसाठी, बंद पाकिटात.

बुकिंग झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गृहकर्ज, इंटिरिअर, मॉड्युलर किचनवाल्यांचे फोन सुरू होतात. ग्राहकाला लगेच कळतं की नंबर कुठून गेला. काही एजंट यावर नंबरामागे पैसे घेतात. हा पैसा घेऊ नये, आणि आता तर कायदाही त्याच्या आड येतो.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. लहान एजंटनेही सवय आत्तापासून लावावी. माहिती कशासाठी घेताय हे साध्या भाषेत सांगायचं, संमती घ्यायची, त्याच कामासाठी वापरायची, काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला लावलेली नसेल तर पुसायची. ग्राहकाला हे मराठीतून वाचण्याची सोय द्यावी लागते. तुम्ही माहिती टायपिंगवाल्याला किंवा सॉफ्टवेअर कंपनीला दिली आणि तिथून ती फुटली, तरी जबाबदारी तुमचीच राहते. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड आपल्यासारख्याला होणार नाही हे खरं, पण कायदा या गोष्टीकडे कसं बघतो ते त्यावरून कळतं.

जे झाकता येत नाही, ते आधीच सांगा

हा भाग बरेच एजंट टाळतात, आणि मग ग्राहकाला वाटतं आपण शब्द मोडला. दस्त नोंदला की इंडेक्स टू तयार होतो, आणि तो नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतो. त्यात पक्षकारांची नावं, मोबदला, मालमत्तेचं वर्णन असतं. सातबारा आणि मालमत्ता पत्रकही ऑनलाइन बघता येतात. म्हणजे ‘कितीला विकलं हे कोणालाच कळणार नाही’ असं वचन तुम्ही देऊच शकत नाही.

दुसरी गोष्ट जाहीर सूचनेची. खरेदीदाराचा वकील हरकती मागवायला वर्तमानपत्रात सूचना देतो, त्यात मालकाचं नाव आणि फ्लॅटचा तपशील येतो, आणि साधारण सात ते पंधरा दिवसांची मुदत असते. नातेवाइकांना विक्रीची बातमी पेपरातून कळली, तर घरात जे होतं ते मालकांनाच भोगावं लागतं. सूचना कोणत्या तारखेला येणार हे वकिलाकडून आधी काढा आणि मालकांना चार दिवस अगोदर सांगा, म्हणजे ज्यांना स्वतःच्या तोंडून सांगायचंय त्यांना ते सांगून मोकळे होतील. सोसायटीलाही हस्तांतराची सूचना द्यावी लागते. सेक्रेटरींना कधी कळणार तेही याच वेळी ठरवा.

‘गुप्त ठेवा’ म्हणजे काय नाही

वकिलाला अशिलाचं बोलणं उघड न करण्याचं जे कायदेशीर संरक्षण आहे, ते एजंटला नाही. पोलिसांची किंवा कोर्टाची रीतसर नोटीस आली तर मागितलेली माहिती द्यावी लागते. नोटीस लेखी घ्या, वकिलाला दाखवा, मागितलं तेवढंच द्या. साध्या कपड्यात येऊन ‘जरा त्या पार्टीची फाइल दाखवा’ म्हणणाऱ्याला ओळखपत्र आणि पत्र मागायला संकोच करू नका.

डिसेंबर २०२० पासून, वार्षिक उलाढाल वीस लाख किंवा त्याहून जास्त असलेले एजंट मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आहेत. ग्राहकाची ओळख पटवणं, नोंदी पाच वर्षं ठेवणं आणि संशयास्पद व्यवहार कळवणं ही त्यांची जबाबदारी आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावरची रक्कम रोखीत घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. ‘चाळीस टक्के ब्लॅकमध्ये, आणि हे आपल्यातच राहू दे’ असं म्हणणाऱ्याला गोपनीयता नको असते, त्याला साथीदार हवा असतो.

आणि अधूनमधून असाही फोन येतो: ‘माझी बायको तुमच्याकडे भाड्याने घर बघत होती का?’ यावर एकच उत्तर. ‘आमच्याकडे कोण येतं-जातं ते आम्ही कोणालाच सांगत नाही.’ हो किंवा नाही, दोन्ही म्हणायचं नाही. घर सोडून सुरक्षित जागा शोधणाऱ्या बाईचा नवा पत्ता तुमच्या एका ‘नाही हो, तिकडे बाणेरला बघितलं होतं’ मधून फुटू शकतो. संपूर्ण ऑफिसने हे वाक्य पाठ केलेलं असावं.

ऑफिस, माणसं, रद्दी

कर्मचाऱ्यांना कामासाठी ऑफिसचा सिम द्या. माणूस नोकरी सोडतो तेव्हा नंबर आणि त्यावरचे ग्राहक ऑफिसातच राहतात. यादीचं गूगल शीट ‘लिंक असणाऱ्या कोणालाही’ उघडं ठेवू नका. ज्याला लागतं त्याचाच ईमेल टाका आणि तो गेला की त्याच दिवशी काढा. नेमणूकपत्रात गोपनीयतेची दोन ओळींची अट असू द्या. सब-एजंटकडूनही तशी लिहून घ्या.

जुन्या फाइली रद्दीत घालू नका. कोणाच्या साठेखताच्या पानात शेंगदाणे बांधून मिळतात, हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण त्या पानावर सही, पॅन आणि पत्ता असतो. कागद फाडायचं छोटं मशीन घ्या, नाहीतर भिजवून लगदा करून टाका.

चावी हातात देतानाचा फोटो, पेढ्यांचा बॉक्स, ‘अभिनंदन’ असं लिहून फेसबुकवर टाकायची आपल्याला हौस असते. आधी विचारा, आणि विचारताना ‘नाही’ म्हणणं त्यांना सोपं जाईल असं विचारा. एखाद्याने नवं घर घेतलंय हे त्याच्या घेणेकऱ्यांना किंवा ऑफिसातल्या वरिष्ठांना कळायला नको असू शकतं.

माहिती फुटलीच तर

फोन हरवला, चुकीच्या ग्रुपवर पीडीएफ गेली, कर्मचाऱ्याने यादी नेली. यातलं काहीही झालं तर ग्राहकाला त्याच दिवशी स्वतः फोन करा. काय गेलं, केव्हा गेलं, कोणाकोणापर्यंत पोचलं असेल आणि तुम्ही आत्तापर्यंत काय केलंत, हे सरळ सांगा. ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करून ज्यांनी उघडला असेल त्यांना एकेकाला फोन करा. आधार गेलं असेल तर बायोमेट्रिक लॉक करायला लावा. चेक किंवा खात्याचा तपशील गेला असेल तर बँकेला कळवायला लावा. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार. नव्या कायद्याच्या तरतुदी लागू झाल्या की विदा संरक्षण मंडळालाही कळवावं लागेल आणि सविस्तर माहिती बहात्तर तासांत द्यावी लागेल, म्हणून घडलेलं सगळं तारीख-वेळेसह लिहून ठेवा. आणि गरजेची बातमी फुटली असेल, भाव पाडून मागणारे फोन सुरू झाले असतील, तर मालकांशी बोलून फ्लॅट तीन-चार आठवडे बाजारातून काढून घ्या. ऑफर आल्या तरी ‘सध्या दाखवत नाही’ म्हणा. बातमी शिळी होते, आणि मग योग्य भावाने पुन्हा बाहेर काढता येतो.